दुसरा महिरपी कंस

या वर्षी कापणी उशिरा आली. दिवाळी तोंडावर आली तरी भात हिरवटच होतं. मग चार दिवस असं ऊन पडलं की सगळी खाचरं एकदम पिवळी झाली. शनिवारी मी घरी पोचले तेव्हा आई अंगणात खळं सारवत होती आणि पप्पा पायरीवर बसून विळ्याची धार अंगठ्याने चाचपत होते. डोळे अधू झाल्यापासून ते बऱ्याच गोष्टी अंगठ्यानेच बघतात.

कापलेल्या भाताला एक ओलसर, किंचित गोड वास असतो. बाकीच्यांना त्या वासाने काय आठवतं मला ठाऊक नाही. मला लॅपटॉपचा तापलेला पंखा आठवतो. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या कळांखाली अजूनही भाताचं तूस असेल. तीन वर्षांपूर्वीच्या कापणीत ते तिथे गेलं आणि मी ते कधी साफ करून घेतलं नाही.

त्या वर्षी माझी पहिली नोकरी सुटली होती आणि दुसरी सुरू व्हायला महिना होता. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याला आहे. शाळा शहापूरची, बाजार मुरबाडचा, असं आमचं आयुष्य दोन्हीकडे वाटलेलं. पप्पांचं कामही शहापूरलाच, एका छापखान्यात. बावीस वर्षं ते तिथे पानं जुळवायचे. सकाळी भाताला पाणी बघायचं, मग स्कूटरवर मला मागे बसवायचं, शाळेजवळ सोडायचं आणि प्रेसला जायचं.

'शाळेजवळ' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. शाळेच्या दारापर्यंत मी त्यांना येऊ द्यायचे नाही. अलीकडच्या वळणावर म्हणायचे, "इथेच सोडा, मी चालत जाते." ते काही न विचारता थांबायचे.

सातवीत असताना ते एकदा पालकसभेला आले होते. प्रेसमधून थेट आलेले, प्रेसला ते नेहमी घालायचे तो फिका निळा शर्ट, खिशाला जांभळ्या शाईचा डाग. बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. पप्पा हसून म्हणाले, "आमी हितंच हाय, प्रेसमधी." मागच्या बाकावर खुसखुस झाली. पुढचा आठवडाभर एक मुलगी मला प्रत्येक गोष्टीला "हितंच हाय" म्हणत होती. माझी पेन्सिल कुठेय? हितंच हाय. मीही हसायचे. हसले नाही तर जास्त झालं असतं.

आठवीत पुन्हा पालकसभा आली. शाळेने सूचनेचे छापील कागद वाटले. मी माझा कागद घडी करून भूगोलाच्या वहीत ठेवला आणि घरी सांगितलं, "या वेळची सभा रद्द झाली."

पप्पा म्हणाले, "बरं."

एवढंच. हे खोटं मी कधी कबूल केलं नाही. कॉलेजला गेले, ठाण्याला नोकरीला लागले, वाशिंदला खोली घेतली, आणि ते खोटं प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर आलं. आमच्या घरात बोलून मोकळं होण्याची पद्धत नाही. मी पप्पांवर गेले आहे असं सगळे म्हणतात. दोन गप्प माणसं एका घरात असली की एखादी गोष्ट किती वर्षं न बोलता राहू शकते, याला काही मर्यादाच नसते.

पप्पांचं काम थोडं समजावून सांगायला हवं. त्यांच्या पडद्यावर पान दिसत नसे. नुसता मजकूर, आणि त्यात जागोजागी एक तिरकी रेघ, तिच्यापुढे कमांडचं नाव आणि नावापुढे महिरपी कंसात तो मजकूर, ज्यावर ती कमांड चालवायची. मजकूर पुरा झाला की यंत्र तो वाचतं आणि त्या कमांड सांगतील तसं पान तयार करतं. गणिताच्या पुस्तकांसाठी ही पद्धत एका निवृत्त मास्तरांनी प्रेसमध्ये आणली आणि पप्पांना शिकवली. नंतर पप्पांनी स्वतःच्या कमांड बनवल्या. कमांड बनवायची म्हणजे तिची व्याख्या लिहायची: हे नाव आलं की अमुक कर. इंग्रजी नावं त्यांना आठवायची नाहीत, म्हणून त्यांनी घरची नावं दिली. प्रश्नाचे चार पर्याय एकाखाली एक रचते ती 'उडवी', कारण भाताचे भारे आम्ही तसेच रचतो. ओळ जराशी सरकवते ती 'ढकल'. मजकुराच्या मध्येच पान तुटू देत नाही तिचं नाव 'नकोरे'. बावीस वर्षांत अशा दीडशेच्या वर कमांड झाल्या होत्या. शाळांच्या प्रश्नपत्रिका, हस्तपुस्तिका, यात्रेची पत्रकं, सगळं त्यांच्यावर चालायचं. आणि त्या कशा चालतात हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

मग डॉक्टरांनी सांगितलं की पडद्यासमोर बसणं आता कमी करा. प्रेस चालवणाऱ्या प्राचीवहिनींनी पप्पांना समोर बसवून घेतलं.

"काका, मी दोन मुली ठेवतेय. पण त्यांना शिकवणार कोण?"

"मी हाय की."

"तुम्ही शिकवता म्हणजे 'लाव नि बघ' म्हणता. मला लिहिलेलं पाहिजे. कुठली कमांड काय करते, कशी वापरायची, सगळं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत पुस्तिका हातात आली तर ठीक. नाहीतर नवीन सॉफ्टवेअर घेते आणि हे सगळं बंद."

पप्पा घरी आले, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि आईला म्हणाले, "माज्या कमांडा फेकून देनार."

"मंग लिवून द्या ना."

"लिवता येत नाय. हातात हाय ते. तोंडात नाय."

मी आत भाजी चिरत होते. मी बाहेर आले आणि म्हणाले, "मी लिहिते."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या महिन्यापासून हेच काम करणार होते, दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कशा वापरायच्या ते लिहून द्यायचं काम. त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, "तुला टाइम हाय?"

अशी आमची कापणी सुरू झाली. ओटीवर मी लॅपटॉप घेऊन, शेजारी पप्पा, समोर खळ्यावर आई आणि दोन मावश्या भारे झोडत. लाकडी बाकावर भारा आपटला की दाणे टपटप उडायचे, काही थेट माझ्या कळांवर. आई मधूनच ओरडायची, "दोघं बापलेक त्या डब्यात तोंड घालून बसा. भारे उंदीर आनतील उचलून!"

पहिले दोन दिवस मी कमांडची यादी घेऊन एकेक विचारत गेले.

"पप्पा, ही 'ढकल' काय करते?"

"ढकलते."

"कशाला ढकलते?"

"लाव नि बघ."

मी लावली. ओळ केसभर उजवीकडे गेली. "एवढीच?"

"मंग? जास्ती ढकलली तर पडंल ना ती."

तिसऱ्या दिवशी मी विचारणं सोडलं आणि व्याख्या वाचायला घेतल्या. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो व्याख्यांची फाइल वरपासून खाली वाचायचा, प्रत्येक कमांडचं नाव काढायचा, तिच्यापुढे किती महिरपी कंस लागतात ते मोजायचा, ती आतून आणखी कुठल्या कमांडला हाक मारते ते टिपायचा आणि मला एक तक्ता द्यायचा. त्या तक्त्यावरून पुस्तिकेचा सांगाडा आपोआप उभा राहिला. मला फक्त प्रत्येक नावापुढे दोन-चार वाक्यं लिहायची होती.

माणसाच्या व्याख्या वाचणं हे त्याच्या खोलीत तो नसताना बसण्यासारखं आहे. पप्पांनी अपूर्णांकातली रेघ एका जागी दोनदा जाड केली होती, कारण लहान मुलांना ती दिसत नाही. पातळ कागदावर मागची अक्षरं उमटतात म्हणून एक वेगळीच कमांड होती, दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर नेमक्या बसवणारी. माझ्या शाळेच्या कितीतरी प्रश्नपत्रिका तशा होत्या, दोन्ही बाजूंनी स्वच्छ. मला वाटायचं, कागद चांगला असेल.

पाचव्या दिवशी मी 'बांध'पाशी आले. नवा भाग सुरू होताना मथळ्यासाठी ही कमांड लागते, जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये. हिला दोन महिरपी कंस होते. पहिल्यात मथळा, तो ठळक छापायचा, वर-खाली मोकळी जागा सोडायची. दुसऱ्या कंसाबद्दल व्याख्येत काहीच नव्हतं. यंत्र तो वाचतं आणि टाकून देतं. मी पुस्तिकेत लिहिलं: 'दुसऱ्या कंसाचा उपयोग नाही. काढून टाकता येईल.' हे वाक्य लिहून मला बरंही वाटलं. काहीतरी जास्तीचं सापडलं की हुशार असल्यासारखं वाटतं.

तो मसुदा मी प्राचीवहिनींना पाठवला आणि दुपारी पप्पांना वाचून दाखवला. ते मान हलवत ऐकत होते. 'बांध'शी मान थांबली.

"ऱ्हाऊ दे की तो कंस."

"पण तो छापलाच जात नाही."

"कुनाला तरास नाय त्याचा."

"त्याचा वापर काय, पप्पा?"

त्यांनी ओटीवर उडालेले दोन दाणे वेचून खळ्यात टाकले. मग म्हणाले, "वापर… नाय काय. काढा." आणि उठून भारे उचलायला गेले. पाठीला त्रास होतो म्हणून आई त्यांना भारे उचलू देत नाही. त्या दिवशी त्यांनी ओळीने सात उचलले.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. मसुदा आवडला होता. "तो बिनकामाचा कंस आहे ना, तो सोमवारी सगळ्या जुन्या फाइलींतून एकदम उडवून टाकते. मुलींना सोपं पडेल."

मी हो म्हणाले. फोन ठेवला. आणि मला पप्पांची पाठ दिसली.

मी व्याख्या वाचल्या होत्या. वापर वाचला नव्हता. माझ्या कामातली ही अगदी पहिल्या धड्यातली चूक आहे. गोष्ट कशी बनवली आहे ते बघायचं आणि माणूस तिचं काय करतो ते बघायचंच नाही. प्रेसच्या सगळ्या फाइली माझ्याकडे होत्या. मी प्रोग्रॅमला सांगितलं, जिथे जिथे 'बांध' आहे तिथला दुसरा कंस मला काढून दे. मला वाटलं होतं, रिकामे निघतील.

एकही रिकामा नव्हता.

'इथवर झालं. उद्या कोष्टक.' 'लाईट गेली दोनदा.' 'मास्तर बोलले काम कुठं थांबलं ते लिवून ठेवत जा.' सुरुवातीचे असेच होते. मास्तरांनी लावलेली सवय, दुसऱ्या दिवशी धागा सापडावा म्हणून. मग हळूहळू सवय पसरली. 'कापनी सुरू. दोन दिस येनार नाय.' 'मास्तर गेले. आता इचारायचं कुनाला.' 'पोरीला ताप. ध्यान नाय. चुका तपासने.' छापलेल्या मजकुरात पप्पांच्या हातून कधी एक वेलांटी चुकली नाही. या कंसांत मात्र ते घरच्यासारखं बोलत होते.

'पोरीने विंग्रजीत गोष्ट सांगितली. समजली नाय. ऐकत ऱ्हायलो.'

आईने बांधावर तूर लावलेली असते. भाताचं पीक किती आलं हे सांगताना ती कुणी धरत नाही, पण वर्षभर घरातलं वरण तिचंच असतं. मी पडद्यावर खाली खाली जात होते आणि बाहेर आई मावशीला ओरडत होती, "गो, बांधावरची तूर तुडवू नको!"

मग एका फाइलवर माझ्या शाळेचं नाव दिसलं. दोन बाजूंचा कागद, एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे मराठी. पहिल्या कंसात ठळक मथळा: पालकसभा.

भूगोलाच्या वहीत मी घडी करून लपवला होता तो कागद पप्पांनीच जुळवला होता. तारीख, वेळ, सर्व पालकांनी उपस्थित राहावे, सगळं त्यांच्या बोटांनी. मी 'रद्द झाली' म्हणाले तेव्हा त्याच्या प्रती कदाचित प्रेसमध्ये त्यांच्या टेबलावर पडलेल्या असतील. कुठल्याशा दुरुस्तीसाठी त्यांनी ती फाइल पुन्हा उघडली असावी. दुसऱ्या कंसात लिहिलं होतं:

'ती बोलली रद्द झाली. रद्दच समजू.'

मी लॅपटॉप बंद केला. उठून खळ्यावर गेले आणि आईच्या हातातून भारा घेऊन झोडायला लागले. आई म्हणाली, "काय गो, झालं तुजं लिवून?" मी म्हटलं, "तूस गेलं डोळ्यात." आईने पदराचं टोक ओलं करून पुढे केलं. खरंच तूस शोधत बसली.

मला फोनवर हुज्जत घालता येत नाही. दुकानात जास्तीची वस्तू दिली तरी मी ती घेऊन येते. पण सोमवारची वाट बघणं शक्य नव्हतं. मी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, तो दुसरा कंस काढू नका. मी चुकीचं लिहिलं."

"अगं, तूच म्हणालीस उपयोग नाही."

"आहे. काम कुठे थांबलं, काय राहिलंय, ते लिहून ठेवायला आहे. छापलं जात नाही, म्हणूनच उपयोग आहे. आणि जुन्या फाइलींना हातही लावू नका. तुम्ही हवं तर मला आणखी काम सांगा, पण ते राहू दे."

इतकी वाक्यं माझ्याकडून त्यांनी कधी ऐकली नसावीत. मग त्या हसल्या. "बरं बाई. काकांचीच मुलगी. मग पुस्तिकेत तसं लिही, म्हणजे मुलींनाही कळेल."

मी लिहिलं: 'दुसरा कंस छापला जात नाही. तो काम करणाऱ्याचा आहे. रिकामा ठेवू नये.'

हे तीन वर्षांपूर्वीचं. आता प्रेसमध्ये त्या दोन मुली असतात, एक खर्डीची, एक किन्हवलीची. काही अडलं तर फाइल मला पाठवतात. गेल्या आठवड्यात एक आली. चूक साधी होती, एक कंस बंद करायचा राहिला होता. तो शोधता शोधता 'बांध' लागला. दुसऱ्या कंसात लिहिलं होतं: 'इथवर झालं. डबा विसरले. वहिनींनी पोहे दिले.' मी फक्त चूक दुरुस्त केली. पोह्यांना धक्का लावला नाही.

पण त्या कापणीतली एक गोष्ट सांगायची राहिली. पुस्तिका पुरी झाली तेव्हा शेत रिकामं झालं होतं, उरली होती नुसती धसकटं. पुस्तिकाही पप्पांच्याच कमांडमध्ये जुळवलेली होती, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'बांध' होताच. शेवटची तपासणी पप्पा करणार होते. त्यांना मी अक्षरं एवढी मोठी करून दिली होती की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत. फाइल त्यांच्यापुढे ठेवण्याआधी मी पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या कंसात लिहिलं. खूपदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं:

'पप्पा, सभा रद्द झाली नव्हती. मी खोटं बोलले. नवीन ऑफिसात डिसेंबरात घरच्यांना बोलावतात. ते रद्द होणार नाही. याल?'

आणि मी खळ्यावर जाऊन पेंढा गोळा करायला लागले. दारातून त्यांची बाजू दिसत होती. ते पडद्याच्या अगदी जवळ वाकून वाचत होते, एकेका ओळीवर बोट ठेवून. बोट एका जागी थांबलं. बराच वेळ थांबलं. मग कळांचा आवाज आला, दोन बोटांचा, ओळखीचा. पुन्हा थोडा आवाज.

ते बाहेर आले. माझ्या हातातला पेंढ्याचा भारा घेतला, उडवीवर ठेवला आणि आईला म्हणाले, "चाय टाक." माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. पहिलं प्रकरण जसंच्या तसं होतं. दुसऱ्या प्रकरणाच्या मथळ्यापुढे, दुसऱ्या कंसात, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

'शर्ट कोनता घालू'

बाहेर आई विचारत होती, साखर किती टाकू. मी तिसऱ्या प्रकरणाशी गेले, कंस उघडला आणि लिहिलं:

'निळा. खिशाला डाग आहे तो.'